एका रुपयाची शाम्पूची पुडी

छत्रपती संभाजीनगरला औरंगाबाद म्हणत होते तेव्हाची गोष्ट. ऑक्टोबर 2010 मध्ये शहरातल्या डॉक्टर, बिल्डर, उद्योजक मंडळींनी गट करून एकाच दिवशी 150 मर्सिडीज घेतल्या. किंमत सुमारे 65 कोटी. आपल्याकडे चार बिऱ्हाडांनी मिळून गच्चीवरची टाकी बदलायची ठरवली, तर वर्गणीवरून सहा महिने जिन्यात कुणी कुणाकडे बघत नाही. इथे दीडशे माणसांचं एका तारखेवर एकमत झालं. माझ्या मते खरा विक्रम तोच, गाड्या दुय्यम. गुंतवणूकदारांच्या नकाशावर शहराचं नाव यावं, असा त्यामागचा उद्देश सांगितला गेला. नाव आलं. पाठोपाठ पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त हिशेब मांडला, की या गाड्यांना स्टेट बँकेने 7 टक्क्यांनी कर्ज दिलं आणि ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला मात्र त्याहून किती तरी जास्त व्याज पडतं.

हिशेब बिनतोड होता. ट्रॅक्टरच्या बाजूने आणखी एक मुद्दा मांडायचा राहिला, तो मी मांडतो. ट्रॅक्टरच्या मागच्या ॲक्सलला सस्पेन्शनच नसतं. जे काही असतं ते सीटखालच्या स्प्रिंगेत आणि चालवणाऱ्याच्या मणक्यात. त्यामुळे ट्रॅक्टरचं सस्पेन्शन कधी बिघडत नाही. मणका बिघडतो, पण तो बँकेकडे तारण नसल्यामुळे त्याची नोंद होत नाही.

आलिशान गाड्यांचं तसं नाही. त्या पहिल्या मालकाकडे असतात तेव्हा श्रीमंती दिसते, दुसऱ्याकडे जातात तेव्हा हौस दिसते आणि तिसऱ्याकडे येतात तेव्हा हिंमत दिसते. माझे साडू तिसरे. त्यांची गाडी जर्मन आहे, एवढंच सांगतो. नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात कंपनीचा काही दोष नाही. गाडीचं वय झालंय. त्या वयात आमचेही गुडघे बोलायला लागले होते.

या शहरात गाडी बिघडण्यातली मोठी अडचण म्हणजे इथे गाडीतलं सगळ्यांनाच कळतं. वाळूजला 1985 पासून बजाज. शेंद्र्याला 2001 पासून स्कोडा, आणि त्याच आवारात 2007 पासून ऑडी जोडली जाते. हवेवर उभी राहणारी क्यू सेव्हनसुद्धा तिथूनच बाहेर पडते. तेव्हा कुठल्याही टपरीवर चहा पिणारी तीन माणसं धरा. एक वाळूजहून रिटायर झालेला, दुसरा शेंद्र्याला कंत्राटावर, आणि तिसऱ्याचा मेव्हणा या दोघांपैकी एका ठिकाणी. बोनेट वर करायचा अवकाश, तिघंही ग्लास ठेवून येतात.

एके सकाळी साडूंचा फोन आला. “भाऊ, गाडी बसली.”

“बंद पडली?”

“बंद नाही हो. चालू आहे. बसली. पुढचं डावं टेकलंय.”

मी सिडकोत त्यांच्या सोसायटीत पोचलो तेव्हा गाडी खरोखरच एका कोपऱ्यावर कलली होती. टायर मडगार्डच्या पोटात शिरला होता. भोवती मंडळ जमलं होतं. वॉचमनने टायरला लाथ मारून “हवा तर आहे,” असा अहवाल दिला होता. वाळूजहून रिटायर झालेल्या काकांनी प्लग काढून साफ करायला सांगितलं. आयुष्यभर स्कूटर जुळवलेल्या माणसाच्या लेखी प्लगापलीकडे आजार नाही, आणि त्यांच्या काळात तो नव्हताही. दुसऱ्या मजल्यावरच्या पोराने मोबाइलवर बघून “रिले गेलाय” म्हणून सांगितलं. एका वहिनींनी लिंबू-मिरची शनिवारीच बदलायला हवी होती, अशी सौम्य आठवण दिली.

त्या गर्दीत माझी मेहुणी हातात दुधाची पिशवी घेऊन उभी होती. ती म्हणाली, “मी कधीची बघतेय. संध्याकाळी टायर आणि पत्र्यात चार बोटं जातात. सकाळी एकही जात नाही. आणि ते फक्त या एकाच चाकाला. बाकी तीन चाकं आहेत तशी.”

“तू जरा थांब,” साडू म्हणाले.

ती थांबली. तिथे खरं तर निदान संपलं होतं, पण ते फुकट मिळाल्यामुळे कुणी घेतलं नाही.

आता यंत्रणा थोडक्यात सांगतो. आपल्या लालपरीखाली पोलादी पाटे असतात. पाटा तुटला तर ड्रायव्हर शिव्या देतो, कंडक्टर खाली वाकून बघतो आणि गाडी डेपोपर्यंत जाते. मोटारींना स्प्रिंगा असतात. हवेच्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगेच्या जागी रबराचा फुगा असतो. गॅरेजमध्ये त्याला बलून म्हणतात. शिवनेरीच्या व्हॉल्वो बसखाली तेच असतात, म्हणून तिच्यात पुण्याला जाताना झोप लागते. मर्सिडीजने 1998 च्या एस-क्लासमध्ये हे बलून बसवले. त्याच्याही आधी, 1955 साली, फ्रान्सच्या सिट्रोएनने डीएस नावाची गाडी तेल आणि नायट्रोजनच्या आधारावर उभी केली होती. तीही बंद करून ठेवली की हळूहळू खाली बसायची. फरक इतकाच की तिथे तो बिघाड नव्हता.

प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो. तो गाडी जमिनीपासून किती वर आहे ते कळवत राहतो. मागे मामी बसल्या की मागची बाजू दबते, सेन्सर वर कळवतो, कंप्रेसर सुरू होतो, बलूनमध्ये हवा जाते आणि गाडी पुन्हा सरळ होते. गाडी दबली होती हे मामींना कळतही नाही. या यंत्रणेचा मला सगळ्यात आवडलेला गुण हाच.

हे सगळं ज्याच्या जिवावर चालतं तो कंप्रेसर हातात मावेल एवढा असतो. बॅटरीवर चालणारी मोटर, एक पिस्टन, त्यावर टेफ्लॉनची रिंग, आणि हवा सुकवायला सिलिका जेलने भरलेला डबा. टायरमध्ये आपण 32-35 पीएसआय हवा भरतो. याला हवा दोनशेच्या पुढे दाबावी लागते. हे काम त्याने दिवसातून थोडा थोडा वेळ करायचं आणि बाकीचा वेळ गप्प बसायचं, अशी त्याची नेमणूक. सलग काही मिनिटं चालला की तो तापतो आणि स्वतःच बंद होतो. आमच्याकडे मे महिन्यात बेचाळीस अंशांत माणूसही तेच करतो, फक्त त्याचा कोड कुणी वाचत नाही.

साडूंनी गाडी सुरू केली. मागून घर्र आवाज आला. येतच राहिला. आजोबांना पलंगावरून उठवतात तशी गाडी कण्हत वर आली, आणि आम्ही लगबगीने जालना रोडच्या एका काचेच्या वर्कशॉपमध्ये नेली. कुठलं ते विचारू नका. तिथे एसी होता, कॉफीचं मशीन होतं आणि गळ्यात ओळखपत्र घातलेला एक अतिशय नम्र तरुण होता. त्याने गाडीला स्कॅनर लावला. पडद्यावर कोड आला. कोडाचा अर्थ असा, की कंप्रेसर ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त चालला आणि तापला. तरुणाने तो वाचला आणि निकाल दिला, “सर, कंप्रेसर गेलाय.”

कोडात ‘गेला’ असं नव्हतं. जास्त काम केलं, एवढंच होतं. कचेरीत ज्याचे कागद सगळ्यात जास्त, त्याच्यावरच दिरंगाईचा मेमो निघतो. ही पद्धत जर्मन गाडीतही लागू आहे हे बघून मला परकेपणा वाटेनासा झाला.

इस्टिमेट छापून आलं. कंप्रेसर अख्खा नवा. त्याच्यापुढे लाखाच्या वरचा आकडा. मग मजुरी. मग ‘कन्झ्युमेबल्स’ असा एक रकाना. ते काय असतं आणि कोण कन्झ्यूम करतं, हे मला आजवर कुठल्याही वर्कशॉपमध्ये कळलेलं नाही. साडूंनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि आणखी एक कॉफी घेतली. एवढ्या रकमेत तीच तेवढी वसूल होण्याजोगी होती.

“नवा टाकला की झालं ना?” मी विचारलं.

“शंभर टक्के, सर.”

“आणि डावीकडेच का बसते?”

तरुण हसला. तो प्रश्न इस्टिमेटमध्ये नव्हता.

यानंतर आमच्याकडे सल्ल्यांचा जो ओघ सुरू झाला तो आवरता आवरेना. एकाने कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना कंप्रेसर आणून देतो म्हणून सांगितलं, दुसऱ्याने दिल्लीच्या मायापुरीचा माल जास्त टिकतो असं छातीठोक सांगितलं. अपघातात मेलेल्या गाडीचं काळीज आपल्या गाडीत बसवायचं, त्यात दिल्लीचं चांगलं की मुंबईचं, यावर अर्धा तास वाद रंगला. तिसरा म्हणाला, “हे हवेचं सगळं उपटून टाका, साध्या स्प्रिंगा बसवा.” हा सल्ला अगदीच टाकाऊ नव्हे. स्प्रिंगेवर गाडी चालते, खर्च कमी येतो आणि बीड बायपासच्या खड्ड्यांना काही फरक कळत नाही. मात्र डॅशबोर्डवरचा सस्पेन्शनचा दिवा पेटलेला राहतो. त्यावरही तोडगा होता, काळी टेप. आपल्याकडे काळ्या टेपने जेवढे बिघाड दुरुस्त झालेत तेवढे पान्याने झाले नसतील. साडूंनी नकार दिला. हवेवर चालते म्हणूनच ती गाडी घेतली, आणि हे त्यांनी सगळ्या नातेवाइकांना आधीच सांगून ठेवलं होतं.

शेवटी आम्ही उस्तादांकडे गेलो. मोंढ्याच्या मागे एका बोळात त्यांचं गॅरेज. पूर्वी ट्रॅव्हल्सच्या मोठ्या बसगाड्यांचं काम करायचे, त्यामुळे बलून म्हणजे काय हे त्यांना कुठल्या पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. स्कॅनर त्यांच्याकडेही होता, पण त्यावर चहाचा ग्लास ठेवलेला होता.

साडूंनी इस्टिमेट पुढे केलं. उस्तादांनी ते बघितलं नाही. गाडीकडे बघितलं आणि विचारलं, “रात भर में बैठती या चलते चलते?”

साडूंनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. हा प्रश्न दुधाच्या पिशवीसकट आमच्यासमोर उभा राहून गेला होता.

“रात्रीत,” साडू म्हणाले. “एकाच चाकाला. संध्याकाळी चार बोटं असतात.”

“कोण बोला?”

“घरच्यांनी.”

“हौ, तो आधा काम हो गया,” म्हणत उस्तादांनी मेजर टेप काढला. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंची मापं घेतली, खडूने भिंतीवर लिहिली आणि आम्हाला सांगितलं, “गाडी आज इथंच राहू द्या. उद्या सकाळी या.” त्या दिवशी त्यांनी दुसरं काहीही केलं नाही. जगातली सगळ्यात अवघड दुरुस्ती म्हणजे काही न करणं. तिचे पैसे लावता येत नसल्यामुळे ती फारशी कुणी करत नाही.

सकाळी भिंतीवरचे तीन आकडे जिथल्या तिथे होते. चौथ्या चाकापाशी गाडी बरीच खाली उतरली होती. उस्तादांनी पोराला टपरीवर पिटाळलं. तो एक रुपयाची शाम्पूची पुडी घेऊन आला. “साबण नको. शाम्पूचा फेस टिकतो.” पुडी मगभर पाण्यात कालवली. इंजिन सुरू करून गाडी वर घेतली, मग सस्पेन्शनचा जॅक मोड लावला, जॅक चढवला, खाली घोड्या लावल्या, आणि पुढच्या डाव्या बलूनच्या घडीवर ब्रशने ते पाणी फासलं.

मी वाकून बघितलं. बलूनचा रबर खाली जिथे स्वतःवरच दुमडतो, त्या वळणावर बारीक भेगा पडल्या होत्या. गाडी खाली असताना त्या घडीत मिटलेल्या असतात, दिसत नाहीत. वर घेतल्यावर रबर ताणला, आणि एका भेगेवर मोहरीएवढा बुडबुडा आला. मोठा झाला. फुटला. पुन्हा आला. आवाज नाही, वास नाही. चाळीस लाखांची म्हणून जन्माला आलेली गाडी रोज रात्री तेवढ्या भोकातून खाली येत होती.

“कंप्रेसर मरा नई सेठ,” उस्ताद म्हणाले, “उसको मारा गया.” आणि मग आमच्यासाठी मराठीत खुलासा केला. “जायकवाडीला पंप रात्रंदिवस चालतो. वाटेत लाइन फुटलेली. तुमच्या नळाला पाणी नाही म्हणून तुम्ही पंप बदलणार का?”

साडूंच्या इमारतीत त्या आठवड्यात पाणी आलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना हे लगेच पटलं. या शहरातल्या माणसाला याहून सोपं उदाहरण देता येणार नाही. जायकवाडीहून पाणी उचलून आणणाऱ्या आमच्या जुन्या दोन लाइनी कधी कुठे फुटतात आणि मग किती दिवसांनी पाणी येतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. शहरातल्या जुन्या पाणचक्कीला डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणलं त्या काळी पंपच नव्हता. त्यामुळे गळती शोधण्यावाचून त्या लोकांना इलाज नव्हता. पंप आला आणि गळती शोधायचं कुणाला कारण उरलं नाही.

बलून बदलायचा हे ठरलं. पण कंप्रेसरनेही बराच मार खाल्ला होता, म्हणून उस्तादांनी तोही उघडला. टेफ्लॉनची रिंग झिजून पातळ झाली होती. सिलिंडरच्या आत बोट फिरवलं तर चरे लागत होते. सिलिकाचे दाणे साबुदाण्याएवढे असायला हवेत, त्यातल्या निम्म्यांचं पीठ झालं होतं. हवा दाबली की तिच्यातली ओल सुटते, ती हे दाणे शोषून घेतात. गाडी खाली घेताना तीच कोरडी हवा त्यांच्यातून उलटी जाते आणि त्यांना सुकवते. रोज रात्री हवा भोकातूनच निघून गेली, तर दाण्यांना सुकवायला कुणी परत येतच नाही. ते ओले राहतात, फुटतात आणि पीठ होऊन वाल्व्हमध्ये जातं.

साडूंनी ओला सिलिका तापवला की पुन्हा चालतो, असं कुठेतरी ऐकलं होतं. ते खरं आहे. त्यांनी घरी नेऊन तो तव्यावर टाकला. मात्र पीठ झालेला सिलिका तापवून दाणे होत नाहीत, हे उस्तादांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. तोवर मेहुणीने तवा भांडेवाल्याला देऊन टाकला होता. मग साडू बुटांच्या खोक्यांतल्या पुड्या जमवायला लागले. उस्तादांनी नम्रपणे त्या परत केल्या. रिंग, सील, स्लीव्ह आणि नवा सिलिका असं किट मागवलं. नवा बलून आणि किट मिळून जो खर्च आला, तो खिशातल्या घडी घातलेल्या कागदाच्या आकड्याच्या निम्म्याच्याही खाली होता.

आणखी एक वस्तू उस्तादांनी न विचारता बदलली. रिले. तळहातावर मावणारी काळी डबी. उघडून दाखवली, आतली टोकं जळून काळी झाली होती. ही टोकं एकदा चिकटली की किल्ली खिशात असतानाही कंप्रेसर रात्रभर फिरत राहतो. सकाळी बॅटरीही मेलेली आणि कंप्रेसरही जळालेला. दुसऱ्या मजल्यावरच्या पोराला ही डबी आधीच सुचली होती. कारण चुकलं होतं, पण डबी बरोबर होती. मी हे त्याला मुद्दाम सांगितलं नाही, आधीच तो फार बोलतो.

लाखाच्या इस्टिमेटमध्ये बलून नव्हता आणि रिलेही नव्हता. म्हणजे नवाकोरा कंप्रेसर त्याच भोकातून हवा वाया घालवत, त्याच जळक्या रिलेवर चालला असता, आणि तापला असता. मग पुन्हा स्कॅनर, पुन्हा तोच कोड, पुन्हा कॉफी.

गाडी घरी आली. मेहुणी संध्याकाळी बोटं घालून बघते, सकाळी बघते. चार आणि चार. आता सोसायटीतले लोकही जाता-येता बोटं घालून बघतात. वाळूजच्या काकांचं मात्र अजूनही म्हणणं आहे, की प्लग साफ करून बघायला काय हरकत होती.

तेव्हा हवेवर चालणारी जुनी गाडी घ्यायची असेल तर खुशाल घ्या. घ्यायच्या आधी ती एक रात्र उभी करून सकाळी चारही चाकं मोजा. एक बसलं असेल तर बलून बघा, चारही बसली असतील तर बलूनना हवा वाटून देणारा वाल्व्ह ब्लॉक बघा. कंप्रेसर त्यानंतर, आणि तो बदललात तर रिलेही सोबत बदला. जॅक मोड लावल्याशिवाय जॅक लावू नका. आणि घोड्या लावल्याशिवाय, कुणी कितीही धीर दिला तरी, गाडीखाली डोकं घालू नका. हवा एकदम निघून गेली की दोन टनांची गाडी खाली यायला क्षणही लागत नाही.